कच्चा आवाज

अप्पांच्या चित्रपटांतली माणसं घरात बोलावं तशी पडद्यावर बोलतात, असं सगळे म्हणत आणि ते खरंही होतं. भाजी निवडता निवडता शेजारणीला टोमणा मारावा, इतक्या सहज एखादी बाई संवाद बोलून जाई. बघणाऱ्याला वाटे, हिला कुणी काही शिकवलेलंच नाही.

हे कसं होत असे ते आधी सांगायला हवं. ते कळलं नाही, तर पुढे काय गेलं तेही कळणार नाही.

अप्पांकडे नट नव्हते. शिंपी, पोस्टातला कारकून, शाळेत घंटा देणारी बाई, निवृत्त झालेली नर्स, अशी त्यांची मंडळी. या माणसांना वाक्य पाठ करायला दिलं की ती पाढे म्हटल्यासारखी म्हणत. म्हणून अप्पा पाठांतर करवतच नसत. कॅमेरा सुरू झाला की ते त्याच्या शेजारी उभे राहत आणि वाक्य स्वतः मोठ्याने म्हणत. समोरच्या माणसाने लगेच, विचार करायला वेळ न घेता, ते आपल्या तोंडाने म्हणायचं. अप्पांचा शेवटचा शब्द आणि समोरच्याचा पहिला शब्द पुष्कळदा एकमेकांवर चढत. त्याची कुणालाच फिकीर नसे, कारण तो आवाज चित्रपटात राहायचाच नसतो. त्याला कच्चा आवाज म्हणतात. चित्रीकरण संपलं की तीच माणसं स्टुडिओत बसून, पडद्यावरच्या आपल्याच ओठांकडे बघत, तीच वाक्यं पुन्हा स्वच्छ बोलतात. कपड्याला आधी धावदोरा घालतात तसा हा कच्चा आवाज. पक्की शिलाई झाली की धावदोरा उसवून टाकायचा.

म्हणजे प्रत्येक चित्रपटातलं प्रत्येक वाक्य आधी अप्पांच्या तोंडून निघालेलं असे. हे त्यांच्या सात-आठ माणसांच्या चमूला ठाऊक होतं. बाहेर कुणाला नव्हतं.

बाहेर उलटंच ठाऊक होतं. पहिल्या चित्रपटात एकदा शिंप्याचं काम करणारा खराखुरा शिंपी खरोखरच चिडला होता, आणि जे मनात आलं ते बोलून गेला होता. पुढे एका पत्रकाराने विचारलं तेव्हा अप्पांनी तो किस्सा रंगवून सांगितला. छापून आलं, ‘कलाकाराला वाक्य न देणारा दिग्दर्शक’. अप्पांनी ते दुरुस्त केलं नाही. दुसऱ्यांदा कुणी विचारलं तेव्हा नुसतं ‘हो’ म्हणाले. तिसऱ्यांदा त्यावर तासभर बोलले. दहा वर्षांनी त्यांचं पुस्तक आलं, ‘ज्याचं त्याचं बोलणं’. त्यांच्या सहा पुस्तकांपैकी हेच खपलं. त्यात पहिल्याच पानावर होतं, ‘मी कुणाच्या तोंडात शब्द घालत नाही. माणसाचं वाक्य त्याच्याच पोटातून यावं लागतं.’ सिनेमा शिकणारी मुलं ही दोन वाक्यं वहीवर लिहून ठेवत.

अप्पा लबाड होते असं नाही. पाणीपुरवठा खात्यातली नकाशे काढायची नोकरी सोडून त्यांनी तीस वर्षांत पाच चित्रपट केले, तेही थोडेच लोक बोलतात अशा भाषेत. चित्रपटगृहं मिळत नसत. मग ते स्वतः पेट्या उचलून बसने गावोगाव जात आणि शाळांच्या सभागृहात चादर बांधून चित्रपट दाखवत. अशा माणसाला कुणीतरी एक गोष्ट मोठी म्हणून हातात दिली, आणि त्याला ती खाली ठेववली नाही, एवढंच.

या सगळ्यात त्यांच्याबरोबर होती ताई. त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. चमूचे कपडे ती शिवायची, जेवण ती बघायची, आणि प्रत्येक चित्रपटात तिचं एक बारीकसं काम असायचं. कुणीतरी दार वाजवतं आणि एक बाई दार उघडते. ती बाई ताई. चार चित्रपट झाल्यावर ती म्हणाली, “अरे, माझा जन्म दारं उघडण्यात गेला. एकदा तरी मला दुसऱ्याचं दार वाजवू दे.”

पाचवा चित्रपट त्यातून निघाला. कुलुपं दुरुस्त करणारा एक माणूस मरतो. त्याच्या दुकानात लोकांनी ठेवलेल्या आणि परत न नेलेल्या किल्ल्या असतात. त्याची म्हातारी बायको त्या किल्ल्या घेऊन घरोघर फिरते आणि ज्याची त्याला देते. म्हातारी अर्थात ताई. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. चित्रीकरण एकतीस दिवस चाललं. जिने चढताना तिला धाप लागे, वाक्यं तर दोन शब्दांच्या पुढे लक्षात राहत नसत. अप्पा म्हणत, ती म्हणे. एकतिसाव्या दिवशी तिने कॅमेऱ्याला नमस्कार केला आणि म्हणाली, “सुटले बाई एकदाची.”

स्टुडिओत तिचे संवाद करायचे होते त्याच्या आठ दिवस आधी ताई झोपेत गेली.

*

ताईला एकच मुलगी. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसवायचा, सैल दांडी घट्ट करायची, हे तिचं काम. अप्पांना ती मामा म्हणे आणि अरे-तुरे करी, कारण लहानपणी ती अप्पांच्याच खांद्यावर बसून चित्रपटाच्या खेळांना गावोगाव हिंडली होती.

तीन आठवड्यांनी ती अप्पांच्या घरी आली. चप्पल काढली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “मामा, एक मागायचंय. नाही म्हणू नकोस.”

“आधी बस तरी. तुझ्या आईसारखी उभ्या उभ्या हुकूम सोडू नकोस.”

ती बसली. “आईचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही रे. सगळा फोन धुंडाळला. फोटो तीनशे, पण आवाज एक नाही. तुला माहितीय ना ती, फोन केला की ‘बरं, ठेवते’ एवढंच. आणि त्या निरोप पाठवायच्या बटणाला तर ती हातच लावायची नाही. म्हणायची, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.”

अप्पा हसले.

“तुझ्याकडे एकतीस दिवस आहेत,” ती म्हणाली. “एकतीस दिवस ती बोललीय. चित्रपटात तिचाच आवाज ठेव. दुसऱ्या बाईचा घालू नकोस. दहा-बारा वर्षांनी माझ्या मुलीला दाखवीन, ही तुझी आजी. चेहरा आजीचा आणि आवाज भलत्याच बाईचा, असं मी काय दाखवू?”

“बघतो,” अप्पा म्हणाले.

“बघतो नाही. ठेवतो म्हण.”

“अगं, तांत्रिक गोष्टी असतात. ऐकून बघतो आणि सांगतो.”

जाताना तिने दाराशी त्यांच्या चष्म्याची दांडी वाकडी झालेली पाहिली, पिशवीतून बारकासा पेचकस काढून तिथल्या तिथे घट्ट केली, आणि गेली.

*

स्टुडिओ म्हणजे एका छपाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड कापड लावलेलं. तिथला आवाजवाला इतकं कमी बोलायचा की सगळे त्याला मौनीबाबा म्हणत. पाचही चित्रपटांचा आवाज त्याचाच.

त्याने शेवटचा प्रसंग लावला. पडद्यावर ताई एका जिन्याच्या टोकाला उभी होती, हातात एकच उरलेली किल्ली. आणि खोलीभर अप्पांचाच आवाज घुमला.

“किल्ली तुमची.”

“किल्ली तुमची,” ताई म्हणाली.

“कुलूप तुमचं.”

“...लूप तुमचं.”

“मी नुसती...”

“अरे थांब, मला बोलू तर दे!”

“...सांभाळली. हं, म्हण. चेहरा तसाच ठेव. मी नुसती सांभाळली.”

“मी नुसती सांभाळली,” ताई म्हणाली, आणि तिच्या शेवटच्या शब्दावर अप्पांचं ‘छान!’ आदळलं.

दोघांनी दिवसभर ऐकलं. संध्याकाळी पाच वाजता मौनीबाबाने चित्र थांबवलं. जिथे ताई बोलत होती तिथे अप्पा बोलत होते. जिथे ती गप्प होती तिथेही ते बोलत होते, डावीकडे बघ, हात खाली घे, श्वास सोड. अप्पांनी इतक्या वर्षांत स्वतःचा कच्चा आवाज कधी सलग ऐकला नव्हता. कॅमेऱ्यामागे उभं असताना त्यांना वाटे, आपण अधूनमधून एखादा शब्द पुरवतो.

“वेगळं नाही करता येणार?” त्यांनी विचारलं.

“दूध आणि पाणी वेगळं करायला हंस लागतो.” मौनीबाबाने बोटं मोडली. “मी हंस नाही. थोडं जमेल. आख्खं वाक्य नाही मिळायचं.”

“मग?”

मौनीबाबाने पडद्यावरच्या थांबलेल्या ताईकडे बघितलं. मग त्याच्या मानाने तो फारच लांब बोलला. “असंच ठेवा. भाऊ सांगतो, बहीण म्हणते. ऐकायला वाईट नाही लागत, अप्पा. मला तर बरं वाटलं.”

“असंच?”

“असंच.”

“आणि लोक काय म्हणतील? पुस्तकाची चौथी आवृत्ती येतेय. पुढच्या महिन्यात सिनेमा शिकणाऱ्या मुलांसमोर बोलायचंय. मी शब्द घालत नाही म्हणून बोलवलंय त्यांनी मला.”

मौनीबाबाने यंत्र बंद केलं.

अप्पांनी दोन दिवस विचार केला. खरं तर निर्णय जिना उतरतानाच झाला होता, दोन दिवस त्याला कारणं शोधण्यात गेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला फोन केला.

“बाळा, नाही गं होणार. जनरेटर चालू होता सगळीकडे. नुसती घरघर आहे.”

मग ती म्हणाली, “तुला ऐकू येत नसेल, तर कुणालाच यायचं नाही. ठीक आहे, मामा. तू तरी काय करणार.”

तिने लगेच विश्वास ठेवला, हेच अप्पांना जड गेलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

*

दुसऱ्याला आवाज देणारी एक बाई होती, कामात पक्की. तिने आधी विचारलं, “बाईंचा आवाज कसा होता?”

“जरा घोगरा. वाक्याच्या शेवटी किंचित तुटायचा, दोरा तुटतो तसा.”

पहिल्याच तासात तिने तो तुटणारा शेवट असा काही पकडला की अप्पांच्या अंगावर काटा आला. दुपारपर्यंत त्यांना सवय झाली. चौथ्या दिवशी घरी जाताना त्यांनी मनात ताईला हाक मारून बघितली, आणि ‘ओ’ आली ती त्या बाईच्या आवाजात. ते बसथांब्यावर थोडा वेळ तसेच उभे राहिले. एक बस सोडून दिली.

मौनीबाबाच्या स्टुडिओची एक पद्धत होती. पक्का आवाज पास झाला की दिग्दर्शक कागदावर सही करायचा आणि त्याच दिवशी कच्चा आवाज पुसून ती डिस्क पुढच्या कामाला जायची. जागा छोटी, डिस्का मोजक्या. अप्पांच्या चमूतही दुसरी प्रत ठेवायची चाल नव्हती. धावदोरा कोण जपून ठेवतं? कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही अप्पा कायम बंद ठेवत.

मौनीबाबाने कागद पुढे केला, पण पेन लगेच दिलं नाही. “घरी न्यायचा असेल तर आत्ता सांगा. डिस्क मी दुसरी आणीन.”

अप्पांच्या डोळ्यांसमोर आलं, ती डिस्क त्यांच्या कपाटात आहे, एक दिवस ते नसताना कुणीतरी ती लावतंय, आणि ‘चेहरा तसाच ठेव’ असं त्यांचं ओरडणं ऐकतंय.

“नको,” ते म्हणाले. “पुसून टाक.”

*

चित्रपट पहिल्यांदा दाखवला तो वाचनालयाच्या सभागृहात. खुर्च्या भरल्या, मागे माणसं उभी राहिली. शेवटच्या जिन्यावर ताई किल्ली देते तेव्हा पुढच्या रांगेतला एक दणकट गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होता. दिवे लागल्यावर लोक बराच वेळ टाळ्या वाजवत होते.

मग प्रश्न झाले. एका प्राध्यापिकेने विचारलं, “शेवटच्या घराआधी म्हातारी म्हणते, ‘मी अजून थकले नाही.’ इतकं साधं आणि इतकं मोठं वाक्य. हे ताईंचं स्वतःचं?”

अप्पांना भाची तिसऱ्या रांगेत दिसत होती. शेजारी तिची मुलगी, पाय हलवत बसलेली.

“अगदी तिचंच,” अप्पा म्हणाले. “मी फक्त कॅमेरा चालू ठेवला.”

पुन्हा टाळ्या झाल्या. भाचीने वाजवल्या नाहीत.

ती बाहेर पायऱ्यांवर त्यांची वाट बघत थांबली होती. मुलीला तिने खाली बागेच्या कठड्याजवळ पाठवलं होतं.

“मामा, आई असं म्हणाली?”

“कसं?”

“‘मी अजून थकले नाही.’ स्वतःहून म्हणाली?” तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कोडं पडलं होतं. “अरे, ती दर दहा मिनिटांनी ‘दमले गं बाई’ म्हणायची. पाणी प्यायला उठली तरी दमायची. पलंगाची चादर बदलली की गड चढून आल्यासारखी बसायची. शेवटी शेवटी तिला असं वाटत होतं का? की आपण थकलो नाही? मला कधी म्हणाली नाही ती. मी तिला जरा विचारायला हवं होतं.”

अप्पा खाली कठड्याजवळच्या मुलीकडे बघू लागले.

“मला तेवढंच एक ऐकव,” भाची म्हणाली. “तेवढं एकच वाक्य. घरघर असू दे, जनरेटर असू दे. त्यातूनसुद्धा मला आई ओळखू येईल. मला फक्त ऐकायचंय, ती ते कशी म्हणाली. हसत म्हणाली की खरंच.”

“उद्या,” अप्पा म्हणाले. “उद्या बघतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खालचं छपाईचं दुकान उघडायच्या आधी ते स्टुडिओच्या जिन्यात बसले होते. मौनीबाबा आला. अप्पांनी काही विचारायच्या आत त्याने मान हलवली.

“काहीच नाही?”

“त्या डिस्कवर आता लहान मुलांची गाणी आहेत. अकरा.” कुलूप उघडून तो आत गेला आणि पुन्हा दारात आला. “तुम्हीच म्हणालात, अप्पा.”

“मीच म्हणालो,” अप्पा म्हणाले.

*

दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भाची दिव्याखाली एका चिमुकल्या स्क्रूशी झटत होती. अप्पांना बघून तिने हातातली फ्रेम बाजूला ठेवली. “आणलंस?”

त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जनरेटर नव्हता. वाक्य त्यांनी दिलं होतं, सगळीच वाक्यं त्यांनी दिली होती, पाचही चित्रपटांत, सगळ्यांना. ताईच्या आवाजावर त्यांचा आवाज होता. तो लोकांनी ऐकू नये म्हणून त्यांनी पुसायला सांगितला. मौनीबाबाने विचारलं होतं, तरी सांगितला.

भाची ऐकत होती. मधेच तिने तो स्क्रू चिमट्याने उचलून डबीत टाकला आणि डबीचं झाकण लावलं.

“म्हणजे आई थकली होती,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तू तिला म्हणायला लावलंस, थकले नाही.”

“चित्रपटात...”

“हो, चित्रपटात. मला कळतं तेवढं.” ती स्टुलावर बसली. “तुझा आवाज असला तर मला काय झालं असतं रे? तू आयुष्यभर तिच्या मधे मधेच बोलत आलास. तिला तुझ्यासकटच ऐकलंय मी. मला सवय होती त्याची.”

“पुस्तकात आता खरं काय ते लिहीन मी. चौथी आवृत्ती अजून छापायची आहे. पहिलं पानच...”

“लिही, नाहीतर नको लिहूस. मला त्या पुस्तकाचं काय करायचंय?”

बाहेरून कुणीतरी काचेतून आत डोकावलं. भाचीने हाताने खूण केली, थोड्या वेळाने या.

“बरं, मग ती काय बोलायची ते सांग,” ती म्हणाली. “वाक्यं नाही. मधल्या वेळात. एकतीस दिवस तू तिच्यासमोर होतास. जिन्यात बसली असेल, चहा घेताना, कपडे बदलताना. काहीतरी बोलत असेलच की. ते सांग.”

अप्पांनी डोळे मिटले. त्यांना ताई स्पष्ट दिसत होती. निळी साडी, खांद्यावर पडणारा उजेड, कपाळावरचा घाम टिपणारी मेकअपवाली. प्रत्येक जिना आठवत होता, कॅमेरा कुठे होता तेही. ताईचे ओठ हलत होते. आणि आवाज लावायला गेलं की तिथे त्यांचीच वाक्यं येत होती, एकामागून एक, स्वच्छ.

“एकदा,” ते म्हणाले, “तो चार मजल्यांचा जिना होता बघ. ती दुसऱ्या मजल्यावर बसली आणि मला म्हणाली...” त्यांनी सवयीने मान किंचित तिरपी केली, ताई करायची तशी, आवाज जरा घोगरा केला. “‘अरे, या तुझ्या म्हातारीला तळमजल्यावर राहणारं एकही गिऱ्हाईक...’”

“नको.” भाचीने हात पुढे केला. “बास. तुमच्या आवाजात नको.”

इतक्या वर्षांत तिने त्यांना कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर तिच्याही ते लक्षात आलं, पण तिने ते मागे घेतलं नाही.

अप्पा जायला वळले. ती म्हणाली, “बसा.” खणातून तिने डोळ्यांचा नंबर लिहायच्या कागदांचं पॅड काढलं, वरचा कागद फाडून पालथा केला आणि पेनाबरोबर त्यांच्यापुढे ठेवला. “लिहून द्या. लेखक आहात ना? मी वाचीन माझी माझी. मला येतो तिचा आवाज.”

मग ती दाराशी गेली, मघाच्या गिऱ्हाइकाला आत घेतलं आणि त्याचा चष्मा हातात घेऊन विचारू लागली, कुठे टोचतो, कानामागे की नाकावर.

अप्पांनी लिहायला घेतलं. सहा पुस्तकं त्यांनी भराभर लिहिली होती. जिन्याचं वाक्य लिहून झालं. मग एक आठवलं, ताई मेकअपवालीला म्हणाली होती, ‘सुरकुत्या झाकू नकोस गं, कमवायला वेळ लागलाय.’ तेही लिहिलं. मग मौनीबाबाला म्हणालेली, ‘तुला लग्नात हो म्हणायला तरी तोंड उघडावं लागलं असेल ना?’ त्यानंतर हात थांबला. गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. एका म्हाताऱ्याला भाचीने अक्षरांच्या पाटीसमोर बसवलं. तो एकेक अक्षर वाचत होता, आणि अडला तरी ती त्याला सांगत नव्हती, थांबत होती.

तासाभराने कागदावर सहा ओळी होत्या. अप्पांनी त्या पहिल्यापासून वाचल्या. पाचवीपाशी ते अडले. ‘या घरात कुणीतरी वाट बघतंय, दाराला कळतं ते.’ ताई जिन्यावर धाप टाकत हे म्हणाली होती, असं त्यांना पक्कं आठवत होतं. पण ओळ जास्तच चांगली होती, त्यांनी स्वतःच लिहिल्यासारखी. त्यांनी ती ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितली, आणि मग एक आडवी रेघ मारून खोडली. सहावीवर पेन टेकवून ते कितीतरी वेळ बसून राहिले.